मुंबई–संभाजीनगर विमान: सत्तर मिनिटांचा प्रवास, पाच तासांचा उशीर आणि नियमातली वीस मिनिटं

दादर_टीटी

मागच्या महिन्यात मामांचं वर्षश्राद्ध होतं. आई, बायको आणि मी असे तिघे मुंबईहून संभाजीनगरला निघालो. (आई अजून औरंगाबादच म्हणते. पुढे माझ्याकडूनही तसं लिहिलं गेलं तर सांभाळून घ्या.) संध्याकाळी ७.४० चं विमान होतं. आईचे गुडघे आता रेल्वेचे जिने चढू देत नाहीत, नाहीतर या प्रवासासाठी आमच्या घरात विमानाचं नाव कुणी काढलं नसतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कृपया प्रतिसादांत अंदाज बांधत बसू नका.

साडेसहाला सिक्युरिटी झाली. सातला मेसेज आला, विमान ८.२५ ला. म्हटलं चालायचंच. आठला दुसरा, ९.१५. मग १०.००. मग ११.१०. मग १२.३०. दर खेपेला पाऊण-एक तास पुढे. सातलाच कुणी 'पाच तास लागतील' असं सांगितलं असतं तर आम्ही बॅगा घेऊन बाहेर पडलो असतो. रात्रीची देवगिरी नाही तर नाही, सायनवरून स्लीपर बस तरी मिळाली असती. पण पाऊण तासासाठी कोण बाहेर पडतं? हप्त्याहप्त्याने उशीर सांगितला की माणूस जागचा हलत नाही.

१२.५० ला घोषणा झाली, विमान रद्द. तोवर एक सामोसा आणि ज्यूसचा डबा मिळाला होता, तोही दहाच्या पुढे, शेजारच्या काकांनी आवाज चढवल्यावर. काउंटरवरच्या मुलीने उद्या दुपारचं विमान किंवा पैसे परत असे दोन पर्याय दिले. हॉटेलचं विचारलं तर म्हणाली, "सर, तुमची फ्लाइट आठच्या आधीची आहे." मला वाटलं उडवून लावते आहे. घरी येऊन नियम वाचला तेव्हा कळलं की ती खरं बोलत होती. आठनंतर सुटणाऱ्या विमानांनाच तो नियम आहे, आमचं वीस मिनिटं आधीचं!

शेवटी दीडला टॅक्सी केली, साडेनऊ हजार, टोल वेगळा. समृद्धीवरून सातच्या सुमारास पोचलो. श्राद्ध दुपारचं म्हणून निभावलं. आईचे पाय मात्र दोन दिवस सुजलेले होते.

तर प्रश्न असे:
१. तिकिटाचे पैसे परत आलेत. त्याशिवाय काही भरपाई मिळते का?
२. आधी 'ऑपरेशनल' म्हणाले, मेलमध्ये आता 'हवामान' लिहिलंय. त्या रात्री मुंबईत आभाळ स्वच्छ होतं. याचं काय करायचं?
३. टॅक्सीचे पैसे मागता येतात का?

राँग_साइड

सामोसा तरी मिळाला. आम्हाला कोल्हापूरच्या वेळी फक्त 'वी रिग्रेट' मिळालं होतं.

अर्धातिकीट

चांगला धागा. या नियमांसाठी मी स्वतः बरंच डोकं खपवलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) जो नियम आहे तो सेक्शन ३, सिरीज एम, भाग ४. काउंटरवर नुसतं 'डीजीसीएचा नियम' म्हणालात तर समोरचा हसतो, पूर्ण नाव घेतलं की सुपरवायझरला बोलावतो. मूळ नियम २०१० चा, २०१६ मध्ये भरपाईचे आकडे वाढले. त्यात चढू न देणं, उड्डाण रद्द होणं आणि उशीर होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण नेमकी त्यांचीच सरमिसळ करतो.

उशिराला रोख भरपाई नाही. पाच तास बसवून ठेवलं तरी एक रुपया नाही. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास वा अधिक उशीर अपेक्षित असेल तर खाणंपिणं द्यायचं, बस. मुंबईहून राज्यातल्या कुठल्याही गावाला जाणारं विमान याच गटात येतं, म्हणून दोन तास हा आकडा लक्षात ठेवा. तुमचा सामोसा दहाला नाही, ९.४० च्या पलीकडे विमान जाणार हे दिसलं तेव्हाच मिळायला हवा होता.

उशीर सहा तासांहून जास्त होणार असेल तर सहा तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, निवड आपली. हॉटेल मिळतं ते उशीर चोवीस तासांवर गेला तर. किंवा विमानाची मूळ वेळ रात्री ८ ते पहाटे ३ मधली असेल आणि उशीर सहा तासांहून जास्त असेल तर. तुम्ही दोन्हीकडून हुकलात, वेळ ७.४० आणि उशीर पाच तास दहा मिनिटं. ती मुलगी अर्धंच खरं बोलली.

विमान रद्द झालं तर मात्र पैसे आहेत. दोन आठवड्यांपेक्षा आधी कळवलं तर पर्यायी विमान किंवा परतावा. चोवीस तास आधीपर्यंत कळवलं तरी तेच. चोवीस तासांच्या आत कळवलं तर त्याशिवाय भरपाई: एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,०००, एक ते दोन तासांना ७,५००, त्यावर १०,००० रुपये. किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन अधिभार. यातली जी रक्कम कमी असेल ती. सगळी मेख या 'कमी'त आहे.

तिकिटावर मूळ भाडं किती दिसतंय?

दादर_टीटी

मूळ भाडं माणशी २,३४०. इंधन अधिभार वेगळा दाखवलेला नाही. वेळापत्रकात ७० मिनिटं.

अर्धातिकीट

म्हणजे गट ७,५०० चा, हातात येणार २,३४०. तिघांचे ७,०२०. छोट्या मार्गावर तिकीट जितकं स्वस्त, भरपाई तितकीच स्वस्त. ज्याने आयत्या वेळी नऊ हजारांना तेच तिकीट काढलं असेल त्याला साडेसात हजार. बसले दोघेही त्याच खुर्च्यांवर, तेवढेच तास.

आणि एक. रद्द व्हायच्या आधी, अकराच्या सुमारास वैतागून ॲपवर स्वतःच 'कॅन्सल' दाबलं नाहीत ना?

दादर_टीटी

मी नाही, पण आमच्या रांगेतल्या एका जोडप्याने दाबलं आणि निघून गेले. का?

अर्धातिकीट

मग त्यांनी तिकीट आपणहून रद्द केलं. कंपनीने उड्डाण रद्द केलं असं त्यांच्या बाबतीत होत नाही, भरपाई गेली. काही कंपन्या दोनेक तासांच्या वर उशीर झाला तर स्वतःच्या अटींनुसार फुकट रद्द करू देतात. त्यासाठी ॲपवर वेगळं बटण असतं किंवा मेसेजमध्येच दुवा येतो. तोच वापरायचा. नेहमीचं 'कॅन्सल' दाबलं की नेहमीची कपात.

सुलभा_आजी

दादर_टीटी, तुमच्या आईंसाठी वाईट वाटलं. चाकाची खुर्ची मागितली होती का? मी नांदेडला लेकीकडे जाते तेव्हा तिकीट काढतानाच मागून ठेवते. खुर्ची असली की बरोबर त्यांचा माणूस असतो, आणि त्या माणसाला विमान खरंच केव्हा येणार ते बोर्डाच्या आधी माहीत असतं. मी त्यालाच विचारते. बोर्ड बघून बघून मानेला रग लागते.

राँग_साइड

आजी, हा सगळ्या धाग्यातला सर्वात कामाचा सल्ला आहे.

धावपट्टी_सत्तावीस

मी बारा वर्षं विमान कंपनीच्या ग्राउंड स्टाफमध्ये काढली, आता बाहेर आहे. दुसरी बाजू लिहितो, दगड मारू नका.

पाऊण-पाऊण तासाने वेळ पुढे ढकलतात ते दर वेळी फसवायला नसतं. छोट्या मार्गावरचं विमान दिवसभर भिरभिरत असतं. सकाळी कुठल्या तरी गावाला जाऊन येतं, मग दुसऱ्या, दिवसाला सहा-सात फेऱ्या. मध्ये उतरून पुन्हा सुटायला पंचवीस-तीस मिनिटं. सकाळच्या फेरीत वीस मिनिटं गेली की ती भरून काढायला कुठे जागाच नसते, संध्याकाळपर्यंत त्याचे दोन तास होतात. डीजीसीएच्या मासिक अहवालात उशिराची कारणं दिलेली असतात. त्यात मोठा वाटा 'रिॲक्शनरी'चा, म्हणजे आधीच्या फेरीचा उशीर पुढच्या फेरीच्या बोकांडी.

त्यात आपली मुंबई. धावपट्ट्या दोन आहेत, पण एकमेकींना छेदणाऱ्या, म्हणजे एका वेळी एकच चालवता येते. गर्दीच्या तासाला ४६ उड्डाणं-अवतरणं व्हायची, फेब्रुवारी २०२४ मध्ये ती ४४ वर आणली. ठरलेला स्लॉट हुकला की पुन्हा रांगेच्या शेवटी. तिथे दोनशे लोकांचं दिल्ली आणि सत्तर लोकांचं छोटं विमान उभं असेल, तर कंपनी आधी कुठलं काढेल ते सांगायला नको. आता नवी मुंबई २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालंय, त्याने इथला ताण किती हलका होतो ते बघू.

शेवटची फेरी रद्द व्हायचं आणखी एक कारण म्हणजे वैमानिकांचे ड्युटीचे तास. साडेबारापर्यंत ताणलं की त्यांची वेळ संपते, बदली माणूस घरी झोपलेला. नवीन नियमांत आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर. नियम योग्यच आहे, दमलेल्या वैमानिकाबरोबर मी तरी बसणार नाही. कंपन्यांनी माणसं वेळेवर वाढवली नाहीत, त्याची फळं डिसेंबर २०२५ मध्ये, ढीगभर उड्डाणं रद्द झाली तेव्हा, देशाने बघितली.

हवामानाबद्दल: मुंबईत आभाळ स्वच्छ असलं तरी 'हवामान' खोटं असेलच असं नाही. तुमचं विमान त्या दिवशी उत्तरेतून आलेलं असू शकतं. जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात सकाळी अडकलं की रात्री औरंगाबाद रडतं.

चिकलठाणाकर

सगळं मान्य. पण सातलाच माहीत होतं ना, की विमान अजून दिल्लीत आहे? मग सातला ८.२५ ही वेळ कुणी काढली?

धावपट्टी_सत्तावीस

हे मात्र खरं. माहीत असतं. आम्हालाही 'वरून येईल तेवढंच बोर्डावर टाका' असं सांगितलेलं असायचं. लोक उठून गेले, त्यांच्या चढवलेल्या बॅगा उतरवल्या आणि विमान आलंच, तर त्यात पुन्हा तास जातो, ही त्यांची बाजू.

जानेवारी २०२४ मध्ये, ते प्रवासी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवल्याचं प्रकरण झालं त्या सुमारास, डीजीसीएने कार्यपद्धती काढली होती: उशिराची खरी माहिती संकेतस्थळावर, मेसेजवर, मेलवर द्यायची, आणि तीन तासांच्या वर उशीर दिसत असेल तर उड्डाण वेळीच रद्द करता येईल. 'करता येईल' म्हटलंय, 'करावं लागेल' नाही.

चिकलठाणाकर

यावर माझा उपाय. मी या मार्गाने महिन्यातून दोनदा जातो. विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर आपल्या उड्डाणाला कुठलं विमान लावलंय ते दिसतं, व्हीटीने सुरू होणारा नंबर. त्या नंबरवर बोट ठेवलं की दिवसभराच्या फेऱ्या दिसतात. दुपारी चारलाच कळतं की आपलं विमान दोन तास मागे आहे. घरातून निघायच्या आधी हे बघतो. चेक-इनची वेळ मात्र चुकवायची नाही, उशीर जाहीर असला तरी काउंटर मूळ वेळेलाच बंद करतात. एकदा हे शिकायला तिकिटाचे पूर्ण पैसे मोजलेत.

दुसरं म्हणजे शक्यतो सकाळचं पहिलं विमान. रात्री येऊन उभं असतं, आदल्या फेरीचा उशीर त्याच्या माथी येत नाही.

फ्रँकफुर्टकर

इकडे युरोपात तीन तासांवर उशिरा पोचलात तर १,५०० किमीपर्यंतच्या प्रवासाला २५० युरो. तिकीट पन्नास युरोचं असलं तरी २५०. भारतात उशिराला काहीच नाही हे वाचून आश्चर्य वाटलं.

राँग_साइड

आले. वाटच बघत होतो.

फ्रँकफुर्टकर

अहो टोमणा नव्हता. मुद्दा एवढाच की तिथे रक्कम अंतरावर ठरते, भाड्यावर नाही. अर्धातिकीट यांनी 'मेख' म्हटलं ती तिथे नाही.

काळा_डगला

उशिरा आले, पण कायद्याचं थोडं. (ग्राहक आयोगातली कामं करते. हा सल्ला नाही, गप्पा समजा.)

दोन नंबरचा प्रश्न. 'आपल्या ताब्याबाहेरचं कारण' असेल तर भरपाई देणं लागत नाही हे बरोबर. पण ते कारण दाखवायचं काम कंपनीचं. तुम्ही एवढंच करा: रद्द झाल्याचं आणि कारणाचं पत्र मेलवर मागा, विमा किंवा ऑफिससाठी हवंय म्हटलं की सहसा देतात. सातपासूनचे सगळे मेसेज जपून ठेवा, त्यांत आधी 'ऑपरेशनल' आहे हे सोन्यासारखं. मुंबई विमानतळाची हवामान नोंद दर अर्ध्या तासाला होते, जुन्या नोंदी इंटरनेटवर मिळतात, त्या रात्रीची छापून ठेवा. आणि विमानाचा नंबर सापडला तर त्या दिवशीच्या फेऱ्यांचा स्क्रीनशॉटही. धुकं खरंच असेल तर तेही त्यातच दिसेल आणि तुमचा वेळ वाचेल.

धुक्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा एक निकाल आहे. विमान धुक्याने अडकलं तर उशिराचा दोष कंपनीचा नाही, पण अडकलेल्या माणसांची सोय बघण्यातून तिची सुटका नाही, असा त्याचा सारांश. म्हणून तक्रारीत 'उशीर झाला' एवढंच लिहू नका. 'दोन तासांवर उशीर होऊनही वेळेत खाणं दिलं नाही, सत्तरीच्या बाईंना सहा तास खुर्चीवर बसवलं, माहिती हप्त्याने दिली' असं लिहा.

तिसरा प्रश्न, टॅक्सी. नियमात नाही. पण ग्राहक कायद्याने सेवेतल्या त्रुटीमुळे झालेला खर्च मागता येतो. रेल्वेचा २०२१ चा निकाल बघा: अजमेर–जम्मू गाडी चार तास उशिरा, त्यामुळे श्रीनगरचं विमान चुकलं, टॅक्सी करावी लागली. उशिराचं कारण रेल्वेला पटवता आलं नाही, सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम ठेवली, त्यात टॅक्सीचे १५,००० होते. तुमच्याकडे पावती आहे?

दादर_टीटी

टॅक्सी ॲपवरून केली होती, पावती मेलवर आहे. टोल फास्टॅगने गेला, तो त्याच बिलात लावलाय.

आयोगात जायचं म्हणजे वकील, तारखा... सात हजारांसाठी?

काळा_डगला

वकील सक्तीचा नाही. पाच लाखांपर्यंत फी नाही. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो. आता ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षं. तारखा पडतात, खोटं कशाला सांगू.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी कंपनीचा नोडल अधिकारी, मग अपील अधिकारी, दोघांचे पत्ते संकेतस्थळावर द्यावेच लागतात, तळाशी बारीक अक्षरात शोधा. मग एअरसेवा, म्हणजे विमान प्रवाशांच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल. मग १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं एअरसेवाचा तक्रार क्रमांक मेलमध्ये टाकला की मिटतात.

अर्धातिकीट

पुस्ती जोडतो. परतावा 'क्रेडिट शेल'मध्ये (म्हणजे रोख नाही, त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटासाठी जमा) घ्या म्हणून गळ घालतात. घ्यायचा की नाही ही निवड प्रवाशाची. आणि तिकीट काढताना स्वतःचाच मोबाइल नंबर द्या. एजंट स्वतःचा टाकतात, मेसेज त्याच्याकडे, तुम्ही विमानतळावर. संपर्क नीट दिला नसेल तर भरपाई नाकारता येते, हे नियमातच आहे.

सुलभा_आजी

माझ्या जावयाचा नंबर असतो. बदलून घेते.

राँग_साइड

अवांतर: हे सगळं वाचून वाटतंय, वंदे भारत बरी. आता नांदेडपर्यंत जाते. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि आपण बसलोच नाही, तर टीडीआर (रेल्वेचा परताव्याचा अर्ज) भरून पूर्ण पैसे परत, आणि वाट बघायला फलाटावर वडापाव तरी असतो.

चिकलठाणाकर

वंदे भारत सीएसएमटीहून दुपारची. ऑफिस सुटल्यावर निघणाऱ्याला काय उपयोग?

दादर_टीटी

सगळ्यांचे आभार. आता अपडेट.

विमानाचा नंबर सापडला. त्या दिवशी ते दिल्लीला गेलंच नव्हतं. सकाळी हैदराबाद, मग मुंबई, गोवा, पुन्हा मुंबई; साडेचारला उतरलं आणि तिथून हललंच नाही. म्हणजे बिघाड किंवा माणसं नसणं, काहीतरी घरचंच. धावपट्टी_सत्तावीस, तुमचं दिल्लीचं धुकं आमच्या वाट्याला नव्हतं.

नोडल अधिकाऱ्याला हे पाठवलं:

"अमुक तारखेचं आपलं उड्डाण (पीएनआर खाली दिला आहे) मूळ वेळेनंतर पाच तासांनी रद्द केल्याचं सांगण्यात आलं. चोवीस तास आधी सूचना नव्हती. डीजीसीएच्या सेक्शन ३, सिरीज एम, भाग ४ प्रमाणे तिघा प्रवाशांची भरपाई रु. ७,०२० देय आहे. आपण हवामान हे कारण दिलं आहे. संध्याकाळी ७ चा आपलाच मेसेज, मुंबईची त्या रात्रीची हवामान नोंद आणि विमानाच्या त्या दिवसाच्या फेऱ्या जोडल्या आहेत. दोन तासांपलीकडे उशीर दिसूनही खाणं वेळेत दिलं नाही. टॅक्सीचा खर्च रु. ९,५०० व टोल, पावती जोडली आहे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास एअरसेवा व त्यानंतर ग्राहक आयोगाकडे जाईन."

अकराव्या दिवशी उत्तर आलं. 'सदिच्छा म्हणून' ७,०२० खात्यात जमा. सदिच्छा म्हणे! टॅक्सीबद्दल एक शब्द नाही. सही करायला एक कागद पाठवलाय, 'पूर्ण व अंतिम तडजोड' असं लिहिलेला.

काळा_डगला

टॅक्सीचं सोडून द्यायचं नसेल तर त्यावर सही करू नका. पैसे जमा झालेत ते झालेत. 'नियमाप्रमाणे देय भरपाई मिळाली, उर्वरित मागणी कायम' एवढं एका ओळीत मेलवर कळवा. आणि एअरसेवाला टाका, तिथे आता फक्त टॅक्सीचा मुद्दा.

दादर_टीटी

टाकलं, आत्ताच. तक्रार क्रमांक आला. आईला सांगितलं तर म्हणाली, त्या शेजारच्या काकांनाही कळव, सामोसे त्यांच्यामुळे मिळाले. त्यांचा नंबर घ्यायचा राहिला. त्या रात्री त्या विमानाला असलेलं कुणी इथे असेल तर व्यनि करा, कागदांची सगळी फाइल पाठवतो.